बैलबाजारातली फटफटी

मागच्या चाकाखाली वीट सरकवायला गुणवंता वाकला, तेवढ्यात कोठ्याच्या दारातून आवाज आला.

"काढ त्या विटा."

गुणवंताने मान वर केली नाही. एका हाताने फटफटीचं मडगार्ड उचलून धरलं होतं, दुसऱ्या हातात वीट होती. अशा वेळी कोणी बोलू नये, एवढं साधं भान माणसाला असावं. पण भैय्याजी बोलले म्हणजे बोलले.

"बाबा, टायर जमिनीले टेकून राह्यलं त सडते. वर उचलून ठेवतो. दोन वर्सं काही होत नाई मंग."

"मी म्हणतो, काढ."

देवकाबाई गाईच्या दावणीपाशी उभी होती. जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ तिच्या हातात होती, फटफटीवर घालायला. चार दुपारी बसून तिने ती शिवली होती आणि आता ती नुसती हातात धरून उभं राहायची वेळ आलेली पाहून तिचं डोकं फिरलं.

"अवो, काहून अडून राहिले तुमी? कोठा आपला, गाडी आपली. राहीन एका कोपऱ्यात उभी. कोणाचं खाते का ते?"

"खात नाई, म्हणूनच त सांगून राहिलो." भैय्याजींनी काठी भिंतीला टेकवली. "खाणारं जनावर असतं त ठेवलं असतं. चारा टाकाच्या निमित्तानं माणूस त्याच्यापाशी जाते, दोन शब्द बोलते. या लोखंडाले काय टाकू मी? इकून टाक, गुणवंता."

एवढं बोलून ते वळले. गुडघ्यातून जसे नेहमी एका अंगावर कलायचे तसे कलत कलत अंगणात गेले. माय-लेक कोठ्यात राहिले. गाय शांतपणे रवंथ करत होती, तिला काय त्याचं!

गोष्ट तशी साधी होती, पण साध्याच गोष्टी घरात आठ-आठ दिवस भिजत पडतात. गुणवंताला मस्कतला नोकरी लागली होती. पांढुर्ण्याच्या जिनिंग फॅक्टरीतला फिटर तिकडच्या पाण्याच्या कंपनीत पंपावर फोरमन होणार होता. पुढच्या आठवड्यात मुंबईहून विमान. वावर बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलं होतं, कपडे शिवून झाले होते, सगळ्या नातलगांकडे जेवणं झाली होती. सगळं कसं सुरळीत पार पडलं आणि घोडं अडलं ते फटफटीपाशी.

ब्याऐंशीच्या दिवाळीत गुणवंताने ती काळी राजदूत आणली, तेव्हा भैय्याजींनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. ते बैलांचे दलाल. उभी हयात पांढुर्णा, मोहगाव, सौंसर, लोधीखेड्याच्या बाजारांत बैलांच्या पाठी थोपटण्यात गेलेली. ज्याला शेपूट नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण पुढच्याच उन्हाळ्यात बाजारात एका गोऱ्ह्याने लाथ घातली आणि गुडघा कायमचा गेला. एस.टी.च्या पायऱ्या चढणं जिवावर येऊ लागलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी गुणवंता फॅक्टरीत पाळी बदलून घ्यायचा आणि बापाला मागे बसवून न्यायचा. बाजारात लोकांना थट्टेला तेवढंच पाहिजे होतं.

"काय भैय्याजी, बैलाचे दलाल अन् फटफटीवर?"

"मंग काय, बैलावर बसून बैल इकाले येऊ?" भैय्याजी म्हणायचे आणि ऐटीत पाय टाकून उतरायचे. गुडघा दुखला तरी त्या वेळी तोंड वाकडं करायचे नाहीत.

म्हणजे गुणवंता गेला की भैय्याजींचे बाजारही गेले, हे घरात सगळ्यांना कळत होतं. त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. आणि आता ज्या गाडीने त्यांना इतकी वर्षं फिरवलं, तीच विका म्हणून हा माणूस हट्ट धरून बसला होता. गुणवंताला काही उलगडा होईना. त्याने वीट भिरकावली, हात पायजम्याला पुसले आणि तो घरात गेला.

त्याची बायको छाया चुलीपुढे भाकरी थापत होती. त्याचा चेहरा पाहून तिने ताटली पुढे सरकवली.

"झालं का गाडीचं?"

"कुठचं होते. बाबा म्हणते, इकून टाक."

"मंग टाका की विकून. मामंजी बरोबरच म्हणून राहिले."

"तुले काय जाते म्हणाले!"

छायाने भाकरी तव्यावर टाकली. दाराकडे एकदा पाहिलं. सासू अजून कोठ्यातच होती.

"मले काय जाते?" ती हळू आवाजात म्हणाली. "पुढच्या वर्षी मी पण तिकडंच येणार ना? मंग ते गाडी कोणासाठी ठेवून राहिले तुमी? कोण चालवन?"

गुणवंताने ताटली जवळ ओढली. भाकरीचा तुकडा मोडून तो तसाच हातात धरून बसला.

हे होतं खरं दुखणं. वर्ष भरलं की फोरमनला कंपनी कुटुंबासाठी क्वार्टर देणार होती. छायाचा पासपोर्ट काढायला टाकलेला होता. दोन वर्षांची नोकरी हे फक्त सांगायला. एकदा दोघं तिकडे गेले, की दोनाची चार होतात, चाराची आठ, हे त्याच्याआधी गेलेल्यांनी त्याला सांगितलं होतं. आईबापाला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणता पावसाळा गेला, दिवाळी गेली. तोंड उघडायची वेळ आली की तो म्हणायचा, राहू दे, चिठ्ठीत लिहू.

आणि म्हणूनच त्याला गाडी ठेवायची होती. कोठ्यात गाडी उभी आहे म्हणजे मालक परत येणार, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. खोटं बोलण्यापेक्षा विटांवर गाडी चढवणं सोपं होतं. मायही तेवढ्यावर खूश होती बिचारी. तिने वाकळ शिवली ती काय उगीच?

"करपली," छाया म्हणाली आणि तिने भाकरी उलटवली.

संध्याकाळी गुणवंता ओट्यावर बापाजवळ जाऊन बसला. भैय्याजी सुपारी कातरत होते.

"बरं, इकू," तो म्हणाला. "फॅक्टरीतला एक जण म्हणे, नागपूरले एक गॅरेजवाला आहे. जुन्या गाड्या घेते."

"तो मले ओळखते का?"

"तुमाले कायले ओळखन तो?"

"मंग त्याले काहून द्याची? मी ज्याले देईन त्याचं घरदार मले माहीत पाह्यजे. कधी वाटलं त माणूस जाऊन पाह्यते, कशी ठेवली म्हणून." भैय्याजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "उद्या सौंसरचा बाजार आहे. तिथंच नेऊ."

"बैलबाजारात? फटफटी?"

"मले दुसरा कोणता बाजार माहीत आहे, बाप्पा?"

गुणवंताला हसू आलं आणि रडूही. त्याने नुसती मान हलवली.

सकाळी त्याने विहिरीवर गाडी धुतली. थंडी चांगली मी म्हणत होती. बोटं बधिर झाली, तरी तो एकेक तार पुसत राहिला. विकायच्या दिवशी वस्तू अशी काही चमकते की आपल्यालाच पश्चात्ताप व्हावा. भैय्याजी धोतर, कोट, डोक्याला फेटा आणि खांद्यावर पांढरा दुपट्टा अशा बाजाराच्या पोशाखात तयार होऊन बसले होते.

देवकाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. घरातला बैल विकायला निघाला की ती त्याच्या पायावर पाणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची आणि दलालाला, म्हणजे नवऱ्यालाच, मोठमोठ्याने शिव्या द्यायची. मुडदा बशिवला या बाजाराचा, म्हणायची. तिने पुढच्या चाकावर पाणी घातलं. कुंकवाचं बोट घेऊन ती जरा घुटमळली, याचं कपाळ कुठं म्हणून, आणि मग तिने दिव्याच्या काचेवर कुंकू टेकवलं. शिवी मात्र आज दिली नाही. रिकामा तांब्या घेऊन ती घरात गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. भैय्याजींनी तिची थोडी वाट पाहिली.

"चाल," ते म्हणाले.

जाम नदीचा पूल ओलांडून गाडी सौंसरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, मधेच कापसाचं वावर, वेचणीला निघालेल्या बाया. भैय्याजी नेहमीसारखेच मागे बसले होते. म्हणजे पोराला न धरता. इतक्या वर्षांत त्यांनी गुणवंताच्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. मागच्या कॅरिअरची दांडी धरून ताठ बसायचे. मोठ्या झालेल्या पोराला धरून बसणं त्यांच्या पिढीत बसत नव्हतं, आणि पोरालाही ते कधी खटकलं नव्हतं.

अर्धी वाट गेल्यावर मागून आवाज आला.

"गुणवंता."

"हं?"

"पोळ्याच्या आधी एक पोलीसवाला आला होता घरी."

"काहून?"

"सूनबाईच्या पासपोर्टाची चौकशी कराले."

गुणवंताचा हात आपोआप सैल पडला. गाडी मंदावली, एक आचका देऊन पुन्हा चालू लागली.

"सूनबाई माहेरी गेली होती, तुझी माय वावरात," भैय्याजी सांगत होते, जसं एखाद्या गोऱ्ह्याबद्दल सांगावं तसं. "बाई कशी आहे म्हणे, चालचलन कसं आहे. मी सांगतलं, सोन्यासारखी आहे. खुशाल जाऊ द्या. चहा पाजला त्याले. सही मागतली, देल्ली."

"बाबा, मी सांगणारच होतो..."

"समोर पाहून चालव. ट्रक येऊन राहिला."

ट्रक धडधडत गेला. धूळ उडाली. पोळ्याच्या आधीपासून! म्हणजे इतके महिने हा माणूस सगळं जाणून होता. जेवताना समोर बसत होता, दोन वर्षांनी आलास की कोठ्याचं छप्पर बदलू म्हणत होता, आणि आपण हो हो म्हणत होतो. गुणवंताला वाटलं, आत्ता रस्ता फाकला तर गाडीसकट आत जावं.

"मायले माहीत आहे?" त्याने कसंबसं विचारलं.

"नाई. तिले तू सांग. नाहीतर नको सांगू. तुझं तू पाह्य." भैय्याजींनी दांडीवरची पकड बदलली. "आता कळलं का, गाडी काहून इकाची ते? तू चालला जाशीन. तुझी माय रोज सकाळी उठून तिच्यावरची धूळ पुसन. आज येईन, उद्या येईन. दोन वर्सं पुसन, चार वर्सं पुसन. मले ते पाहाचं नाई, गुणवंता. माझ्यानं ते पाहवणार नाई."

गुणवंताला वाटलं, गाडी बाजूला घ्यावी. उतरावं. बापाकडे तोंड करून उभं राहावं आणि काहीतरी म्हणावं. पण काय म्हणायचं तेच सुचेना, आणि न सुचल्यामुळे गाडी चालतच राहिली. सौंसरचा बाजार दिसू लागला तेव्हा त्याला उलट हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच नंतर त्याला लाज वाटली.

बाजार भरला होता. रांगांनी बांधलेले बैल, रंगवलेली शिंगं, शेणाचा आणि कडब्याचा वास, चहाच्या ठेल्यावरचा गलका. त्यात बैलांच्या रांगेत एक काळीभोर राजदूत येऊन उभी राहिली, मग काय विचारता! ज्याला बैल घ्यायचा होता तोही आला, ज्याला काहीच घ्यायचं नव्हतं तो तर आधी आला.

"भैय्याजी, किती दाती आहे हे?"

"दात नाई हिले, पण तुह्यासारखी बडबड बी नाई करत," भैय्याजी म्हणाले आणि सगळे हसले.

बाजारात उतरल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला होता. वाटेत बोलत होता तो म्हातारा वेगळा आणि हा वेगळा. ते फटफटीच्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले, जसे बैलाच्या वशिंडावर ठेवायचे, आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले.

गिऱ्हाईक त्यांनी मनात आधीच हेरलं होतं. लोधीखेड्याचे रघुनाथराव. मोठे संत्र्याचे बगीचेवाले, भैय्याजींच्या हाताने कितीतरी बैलजोड्या घेतलेले. त्यांच्या धाकट्या जावयाला, श्रीकांतला, मास्तरची नोकरी लागली होती आणि शाळा गावापासून लांब होती. सासरे-जावई बाजारात आलेलेच होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला चहाचा एक कपही लागला नाही.

रघुनाथरावांनी गाडीभोवती चक्कर मारली. श्रीकांत वाकून इंजिन पाहू लागला.

"खोड सांगा आधी, भैय्याजी."

"टाकीले पोचा आहे, हा पाहा. पोरगा पुलावर घसरला होता. शिटाचं कव्हर फाटलं, ते मी बसून बसून फाडलं. बाकी काही नाई."

"पोरगा काहून इकून राहिला मंग?"

"मस्कतले जाऊन राहिला. मोठा फोरमन झाला."

"वा! पण वापस आल्यावर लागनच ना गाडी?"

गुणवंताने मान खाली घातली. भैय्याजींनी तिकडे पाहिलंही नाही.

"येईन तेव्हा नवी घेईन," ते मोठ्या आवाजात म्हणाले. "जुनी कायले वापरन तो? बाहेरदेशातला माणूस!"

श्रीकांतने गाडी चालवून पाहिली. बाजाराला वळसा घालून आला तो हसतच आला. त्याला आवडली हे लपवायचं असतं, हे त्या मास्तरला कोणी शिकवलं नव्हतं. रघुनाथरावांनी जावयाकडे डोळे वटारले आणि मग गुणवंताकडे वळले.

"सांग बाप्पा, काय घेशीन?"

गुणवंता सांगणार, एवढ्यात भैय्याजींनी हात आडवा केला.

"तोंडानं नाई."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.

"बाबा, हे काय बैल आहे का?" गुणवंता दबक्या आवाजात म्हणाला. चार लोकांत त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं.

"बाजार त बैलाचा आहे ना? इथं तोंडानं किंमत सांगतली त दहा जण मधात तोंड घालते. मले दुसऱ्या रीतीनं इकता येत नाई. इकाची असन त असंच."

या बाजारात किंमत कोणी बोलत नाही. दलाल आपला हात दुपट्ट्याखाली घेतो, घेणाराही घेतो, आणि मग आत बोटं बोलतात. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन, असा आकडा ठरतो. बाहेर उभ्या असलेल्यांना दिसतात फक्त दोन चेहरे. मग दलाल तोच हात विकणाऱ्याकडे नेतो. दोघांच्या मनातलं एकट्या दलालाला ठाऊक असतं, आणि तो ते मेला तरी तिसऱ्याला सांगत नाही.

आधी रघुनाथरावांचा हात आत गेला. दुपट्टा हलला. रघुनाथरावांनी तोंड वाकडं केलं.

"अरे बाप्पा! जीव घेता का?"

"जवायासाठी घेऊन राहिले ना? मंग जीव जाईनच थोडासा."

पुन्हा दुपट्टा हलला. बराच वेळ हलला. मग भैय्याजींनी मान डोलावली आणि ते पोराकडे वळले.

गुणवंताने दुपट्ट्याखाली हात घातला. ही भाषा त्याला येत होती. पाटीवर आकडे गिरवायच्या आधी तो बापाकडून बोटांवर आकडे शिकला होता, हिवाळ्यात एकाच वाकळीत निजल्यावर. बाप बोट दाबायचा आणि तो अंधारात ओरडून आकडा सांगायचा. ते त्याला आत्तापर्यंत आठवलंही नव्हतं.

बापाचा हात आला. खरखरीत, वाटेतल्या थंडीने अजून गार. त्याने गुणवंताचं पहिलं बोट धरलं. गुणवंता दाब मोजायला तयार झाला. पण दाब आलाच नाही. बोट सुटलं, आणि त्या हाताने त्याचा अख्खा हात आपल्या पंजात घेतला. आणि तसाच राहिला.

गुणवंता थांबला. हा कोणता आकडा? त्याने मनात सगळे आकडे आठवून पाहिले. असा आकडा नव्हता. त्याने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. भैय्याजी त्याच्याकडे पाहतच नव्हते. पलीकडे कोणीतरी एका बुजऱ्या बैलाला ओढत होतं, तिकडे त्यांची नजर होती. चेहरा दलालाचा होता, त्यावर काही म्हणता काही उमटलेलं नव्हतं. हात मात्र हलत नव्हता आणि सोडतही नव्हता.

मग गुणवंताला कळलं, हा आकडा नव्हताच.

"काय म्हणते पोरगा?" रघुनाथरावांनी विचारलं.

"थांबा ना," भैय्याजी बाजाराच्या आवाजात म्हणाले. "सांगून राहिलो त्याले."

लोक पुढे सरकले. सौदा रंगात आला असं प्रत्येकाला वाटत होतं. एवढ्या माणसांत, भर बाजारात, बाप पोराचा हात धरून उभा होता आणि ते कोणालाही दिसत नव्हतं. आता थोड्या वेळात हात सुटेल. सुटला की मग झालंच.

"नाई जमत," गुणवंता एकदम म्हणाला. "वाढवा."

भैय्याजींचे डोळे पहिल्यांदा त्याच्याकडे वळले. क्षणभरच.

"वाढवा म्हणते," ते रघुनाथरावांना म्हणाले.

"पोरगा पक्का निघाला! बापावर गेला," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"पाह्यतो," भैय्याजी म्हणाले. दुपट्ट्याखाली हात आणखी घट्ट झाला.

गुणवंताच्या तोंडापर्यंत आलं होतं. बाबा, मी नाही जात. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर रघुनाथराव चिडले असते, लोक हसले असते, छायाने महिनाभर अबोला धरला असता, आणि संध्याकाळी दोघं याच गाडीवर बसून घरी गेले असते. यापेक्षा जास्त काही बिघडलं नसतं. तो हात त्याचीच वाट पाहत होता की नुसता निरोप घेत होता, हे गुणवंताला त्या वेळी ठरवता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

भैय्याजींनी थोडं थांबून पाहिलं. मग अंगठा एकदा पोराच्या हातावरून फिरवला आणि हात सोडला. दुपट्टा ओढून घेतला.

"झाला सौदा," ते म्हणाले.

रघुनाथरावांनी खात्री करायला विचारलं, "मंजूर ना, गुणवंता? मागून कुरकूर नको."

काय मंजूर, कितीला मंजूर, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"मंजूर," तो म्हणाला.

रघुनाथरावांनी पैसे आणि वर दलाली भैय्याजींच्या हातात मोजली, किल्ली दिली गेली. कोणीतरी चहा सांगितला, तो आला आणि निवून गेला. श्रीकांतने गाडी चालू केली. रघुनाथराव धोतर सावरत मागे बसले आणि पडायला नको म्हणून त्यांनी जावयाचे दोन्ही खांदे गच्च पकडले. त्यांचा जीव खुशीत होता, म्हणून जाता जाता त्यांनी थट्टा केली.

"भैय्याजी, दलाली त तुमी दोन्हीकून घेता. माझ्याकून घेतली. आता पोराकून बी घ्यान का?"

भैय्याजींनी दुपट्टा झटकला, त्याची नीट घडी घातली आणि खांद्यावर टाकला.

"घेतली," ते म्हणाले, आणि काठी टेकत एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले.